मदत हवी आहे: टॅक्ससकट बिलावरून मूळ किंमत, प्रपोर्शनने कशी समजावू?

आम्ही न्यू जर्सीत, मुलगी सातवीत, सेल्स टॅक्सची गणितं प्रपोर्शन मांडूनच करायची असतात, नुसतं उत्तर लिहिलं की मार्क कापतात. इथला दर 6.625 टक्के. सरळ गणित तिला येतं, 80 डॉलरचे हेडफोन म्हणजे 6.625/100 = x/80, तिरका गुणाकार, टॅक्स 5.30, बिल 85.30, झालं. गाडी अडते ती उलट्या गणितात. बिल 85.30 आहे मूळ किंमत काढा म्हटलं की ही 85.30 चेच 6.625 टक्के काढून वजा करते, येतात 79.65, आणि वरचे 35 सेंट कुठे गेले म्हणून माझ्याशीच भांडते. मी 106.625/100 = 85.30/x मांडून 80 आणून दाखवले, पण ते 106.625 आलंच कुठून हे काही तिला पटत नाहीये. 100 डॉलरच्या वस्तूचं उदाहरण देऊन झालं, कागदावर पट्टी काढून किंमत नि टॅक्स असे दोन तुकडे पण दाखवले, तेवढ्यापुरती मान डोलावते नि पुढच्या गणितात परत तेच.

कपड्यांवर इथे टॅक्स नसतो ते माहितीये, इथे तो प्रश्न नाही. आणि 1.06625 ने भागायचा शॉर्टकट प्लीज नको, तो शाळेत चालत नाही. टक्का बिलावर नाही तर मूळ किमतीवर लागतो हे प्रपोर्शन मांडतानाच तिच्या डोळ्यांना दिसेल अशी मांडणी, तक्ता, काहीही, कोणी सुचवेल का?