दोन मजली शाळा सीएलटीमध्ये: मजला, आवाज, आग आणि ओल यांचं नेमकं गणित काय?

आराखडा_नऊ

आठ वर्गांची शाळा आहे, खाली चार, वर चार. वर्ग ९ × ७ मीटरचा, उंची ३.२ मीटर. खांब-तुळया ग्लुलॅमच्या (फळ्या एकाच दिशेत चिकटवून केलेलं लाकूड), मजले आणि काही भिंती सीएलटीच्या (फळ्यांचे थर एकमेकांना आडवे चिकटवून केलेली जाड पॅनेलं), इथपर्यंत ठरलंय. अग्निरोध ६० मिनिटांचा हवा. आतून लाकूड उघडं दिसावं असा शाळेचा आग्रह आहे आणि तो मलाही पटतो. अडलेल्या गोष्टी अशा:

७ मीटरचा गाळा पॅनेलनेच पार करायचा की मधे तुळया घ्यायच्या? वर बाकं सरकली की खालच्या वर्गात शिकवणं अशक्य होईल का? लाकडावर जिप्सम बोर्ड न लावता ६० मिनिटं खरंच मिळतात का? आणि लाकडात साठलेला कार्बन अहवालात कसा दाखवायचा?

तुळई_गाळा

तुळया घ्या. हिशेब साधा आहे. ७ मीटर थेट पॅनेलने पार करायचे तर जाडी २४० मिमीच्या आसपास जाते, तीही ताकदीसाठी नाही, तर मुलं चालताना मजला थरथरू नये म्हणून. म्हणजे एका वर्गाला ६३ × ०.२४ = १५ घनमीटर लाकूड. त्याऐवजी ७ मीटर लांबीच्या २०० × ६०० मिमीच्या तुळया दर ३ मीटरवर टाकल्या आणि वर १२० मिमीचं पाच थरांचं पॅनेल सलग ठेवलं, तर पॅनेलचे ७.६ आणि तीन तुळयांचे अडीच, असे साधारण १० घनमीटर होतात. एक तृतीयांश लाकूड वाचलं. हे आकडे सुरुवातीच्या अंदाजाचे आहेत, थरथरीची तपासणी वेगळी करावीच लागते. मजल्याची नैसर्गिक वारंवारिता (तो आपोआप सेकंदाला किती वेळा कंप पावतो तो आकडा) ८ हर्ट्झच्या खाली गेली तर साधी सूत्रं सोडून सविस्तर विश्लेषण करा. वर जड स्क्रीड (फरशीखालचा सिमेंट-वाळूचा थर) येणार असेल तर त्याचं वजन धरूनच वारंवारिता काढा. हे विसरल्यामुळे कागदावर पास झालेला मजला प्रत्यक्षात हलतो.

तोटा एकच, पण मोठा. तुळई ६०० मिमी खाली येते आणि हवेच्या नळ्या तिला आडव्या येतात. नळ्या तुळयांना समांतर, दोन तुळयांच्या मधून न्या आणि मुख्य नळी व्हरांड्यात ठेवा. तुळईला भोक पाडावंच लागलं तर उंचीच्या मध्यावर, आधारापासून लांब, आणि कारखान्यातच. जागेवर इलेक्ट्रिशियनने पाडलेलं भोक ही तुळईला पडलेली चीरच समजा.

सांध्याबद्दल एक गोष्ट आत्ताच ड्रॉइंगमध्ये घाला. ग्लुलॅम येतं तेव्हा त्यात १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, वापरातल्या कोरड्या इमारतीत तो ८ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. आडव्या दिशेने लाकूड दर टक्क्याला साधारण ०.२५ टक्के आकसतं, म्हणजे ६०० मिमीची तुळई ६ मिमीने. तुळईच्या टोकाला पूर्ण उंचीभर स्टीलची पट्टी लावून वरपासून खालपर्यंत बोल्ट मारले, तर स्टील आकसत नाही आणि लाकूड बोल्टच्या ओळीत फाटतं. बोल्ट एका आटोपशीर गटात ठेवा, बाकीची भोकं लांबट करा, किंवा तुळई सरळ खालच्या बैठकीवर टेकवा.

ध्वनी_वर्ग

आवाजाबद्दल सविस्तर लिहितो, कारण लाकडी शाळेत तक्रार येते ती इथूनच.

नुसत्या सीएलटीवर अजिबात विसंबू नका. १७५ मिमीच्या उघड्या पाच थरी पॅनेलचा एसटीसी (हवेतून जाणारा आवाज अडवण्याचा अंक) ३९च्या आसपास मिळतो आणि आयआयसी (पावलं, बाकं यांच्या आघाताचा आवाज अडवण्याचा अंक) त्याहून खूपच खाली, पंचविशीच्या घरात. वर्गखोल्यांसाठीचं अमेरिकी मानक एएनएसआय एस १२.६० दोन वर्गांमध्ये एसटीसी ५० आणि वर्गावरच्या मजल्याला आयआयसी निदान ४५ मागतं. तुमचं १२० मिमीचं पॅनेल तर आणखी हलकं. हा फरक लाकूड जाड करून भरून निघत नाही, त्यासाठी वजन आणि सुटेपणा दोन्ही लागतात. पॅनेलवर लवचिक चटई, तिच्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर ६० मिमी स्क्रीड, वर फरशी किंवा लिनोलियम. या रचनेत बिघडतं ते कडेला. स्क्रीड कुठेही भिंतीला, खांबाला किंवा पाइपला चिकटला की आवाजाला पूल मिळाला. सर्व कडांना फोमची पट्टी उभी लावा, ती फरशी बसल्यावरच कापा, आणि उंबऱ्याखाली स्क्रीड तोडा. चटई निवडताना कपाटांचं वजन धरा. फार मऊ चटई पुस्तकांच्या कपाटाखाली दबून सपाट होते आणि तिथे तिचा उपयोग संपतो.

भिंतींमध्ये नेहमीची चूक म्हणजे सीएलटीवर २५ मिमीच्या पट्ट्या ठोकून त्यावर जिप्सम बोर्ड लावणं. एवढ्याशा हवेच्या पोकळीत बोर्ड स्प्रिंगवरच्या वजनासारखा डोलतो आणि कमी वारंवारितेचा, घुमणारा आवाज उलट जास्त जातो. चौकट भिंतीला न चिकटवता उभी करा, मधे ५० मिमी खनिज लोकर भरा आणि बोर्डचे दोन थर लावा. हे एकाच बाजूला करा, दुसऱ्या बाजूचं लाकूड उघडं राहील. शिवाय एकच लांब पॅनेल दोन वर्गांवरून सलग नेऊ नका. दुभाजक भिंतीवर ते तोडा, नाहीतर आवाज भिंतीला वळसा घालून पॅनेलमधूनच पलीकडे पोचतो.

आता घुमण्याचं. २८३ घनमीटरपर्यंतच्या रिकाम्या वर्गात आवाज ०.६ सेकंदांत विरावा असं तेच मानक सांगतं. तुमच्या वर्गाचं आकारमान ६३ × ३.२ = २०२ घनमीटर. घुमण्याचा वेळ काढण्याच्या सॅबिनच्या सूत्राने ०.१६१ × २०२ ÷ ०.६ केलं की ५४ चौरस मीटर शोषण लागतं. सगळे पृष्ठभाग मिळून २२८ चौरस मीटर. लाकूड, काच, फरशी उघडी ठेवली आणि सरासरी शोषणांक (पडलेल्या आवाजाचा किती भाग शोषला जातो) ०.०८ धरला, तर शोषण मिळतं १८, आणि आवाज १.८ सेकंद घुमतो. अशा खोलीत मागच्या बाकावर शब्दांची शेवटची अक्षरं पोचत नाहीत. ०.९ शोषणांकाचे बोर्ड ४५ चौरस मीटरवर लावले की हिशेब जुळतो.

आराखडा_नऊ

६३ पैकी ४५ झाकले तर उघडं लाकडी छत उरतं १८. मग शाळेच्या आग्रहाचं काय?

ध्वनी_वर्ग

सगळे ४५ छतावरच हवेत असं नाही. मागच्या ७ मीटरच्या भिंतीवर २ मीटर उंचीचा पट्टा लावला की १४ झाले, छतावर उरले ३१. म्हणजे निम्मं छत दिसतं. शिक्षकाचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा परततो, तोही तिथेच थांबतो. तुळयांच्या मधे उभ्या टांगलेल्या पट्ट्या घेतल्यात तर दोन्ही बाजूंनी शोषण मिळतं आणि मधून लाकूड दिसत राहतं. मात्र पट्ट्यांचं शोषण क्षेत्रफळावरून काढू नका, उत्पादक दर नगामागे देतो तो आकडा घ्या. शिक्षकाच्या डोक्यावरचं छत कडकच राहू द्या. तिथून परतणारा आवाज त्याला मदत करतो.

जळण_दर

जिप्समशिवाय ६० मिनिटं मिळतात, पण तपासणी नीट करा. युरोकोड ५ या लाकडी बांधकामाच्या युरोपीय मानकाप्रमाणे मऊ लाकूड एका बाजूने मिनिटाला ०.६५ मिमी कोळशात जातं. ग्लुलॅमच्या तुळईसाठी कोपऱ्यांची गोलाई धरून ०.७ घेतात आणि त्यात उष्णतेने कमजोर झालेला ७ मिमीचा थर मिळवतात. ६० मिनिटांत ४२ + ७ = ४९ मिमी, दोन्ही बाजूंनी आणि खालून. २०० × ६०० ची तुळई उरते १०२ × ५५१. तिचा छेद-गुणांक (वाकण्याला तोंड देण्याची छेदाची क्षमता) मूळच्या ४३ टक्के होतो. आगीच्या वेळचा धरायचा भार नेहमीच्या संकल्पन-भारापेक्षा बराच कमी असतो आणि ताकदीचे गुणांकही वेगळे, म्हणून हे बऱ्याचदा बसतं. नाही बसलं तर उंची नका वाढवू, रुंदी वाढवा. २२० केलीत की १२२ उरते.

पॅनेलमध्ये प्रश्न गोंदाचा आहे. थर ३०-२०-२०-२०-३० असतील तर खालचा ३० मिमीचा थर ४६ मिनिटांत जळतो. गोंद उष्णतेत टिकला तर ६० मिनिटांना ३९ + ७ = ४६ मिमी जातात. गोंद सैल पडला तर कोळशाचा थर गळून ताजं लाकूड उघडं पडतं, आणि पुढचा २५ मिमी कोळसा तयार होईपर्यंत दर दुप्पट धरावा लागतो. उरलेल्या १४ मिनिटांत १८ मिमी, एकूण ४८, कमजोर थरासह ५५. मधल्या भार घेणाऱ्या थरातले ५ मिमीही गेले. खालचा थर ४० मिमीचा घेतला तर तो ६० मिनिटं पुरतो आणि गळतीचा प्रश्नच येत नाही. सीएलटीच्या पीआरजी ३२० या अमेरिकी मानकात २०१८पासून गोंदाची आगीतली कसोटी आहे, तिचं प्रमाणपत्र मागा.

छत आणि सगळ्या भिंती एकदम उघड्या ठेवू नका. समोरासमोरची जळती लाकडं एकमेकांना तापवत राहतात आणि खोलीतलं सामान जळून गेल्यावरही आग विझत नाही. तुमच्या बाबतीत छत उघडं ठेवा, भिंती बहुतेक झाका. जिना आणि व्हरांडा पूर्ण जिप्सममध्ये, तिथे ज्वाळा पसरण्याचा वेग हाच मुद्दा आहे. स्टीलचे सांधे लाकडाच्या आत दडवा, वर निदान जळणाऱ्या जाडीइतकं लाकूड ठेवा. पाइप-केबलच्या भोकांचं सील सीएलटीमध्ये चाचणी झालेलंच हवं, काँक्रीटमधलं प्रमाणपत्र इथे चालत नाही. पॅनेल भोकाच्या कडेनेही जळतं.

ओलमापक

या धाग्यात पाण्याचा विषय अजून आलाच नाही, आणि सीएलटी खराब होते ती बहुतेक बांधकाम चालू असतानाच.

२० टक्क्यांच्या खाली लाकूड सुरक्षित असतं. त्याच्या वर बराच काळ राहिलं की आधी काळे डाग येतात, पुढे कुजवणारी बुरशी लागते. पाऊस सपाट पृष्ठभागातून फारसा आत जात नाही. तो शिरतो पॅनेलच्या कडांतून, जिथे तंतूंची टोकं उघडी असतात, आणि जोडपट्टीच्या खाचेत साचतो. म्हणून कारखान्यातूनच कडांना सीलर आणि वर जलरोधक पडदा लावून घ्या, जोड त्याच दिवशी टेपने बंद करा, साचलेलं पाणी त्याच दिवशी ढकलून काढा. टेप ओल्या लाकडावर चिकटत नाही. हे टेपवाल्याला सांगून भागत नाही, कामाच्या वेळापत्रकातच वाळवण्याचा वेळ धरा.

स्क्रीड टाकण्याआधी ओलावा मोजा. फक्त टोकं उघडी असलेल्या इन्सुलेटेड पिना वापरा, एकाच जागी तीन खोलींवर मोजा, आणि जोडांच्या शेजारी मोजा. पृष्ठभाग १४ टक्के दाखवतो तेव्हा आत २२ असू शकतात. सगळीकडे १६च्या खाली आल्याशिवाय झाकू नका. वर प्लास्टिक आणि खाली बाष्परोधक रंग, असं दोन्हीकडून बंद करून ओल आत कोंडली तर ती वर्षानुवर्षं निघत नाही. एक बाजू श्वास घेणारी ठेवाच. छताला उतारही इन्सुलेशनच्या पाचरी ठेवून देऊ नका, तुळयांनाच द्या. पडदा फाटला तरी पाणी मधे साठत नाही.

जमिनीवर लाकूड टेकवू नका. काँक्रीटचा कठडा जमिनीपासून निदान २०० मिमी वर घ्या आणि त्याची बाहेरची बाजू उघडी, दिसणारी ठेवा. वाळवीची मातीची नळी नजरेला पडली पाहिजे. गिलावा किंवा इन्सुलेशन खालपर्यंत ओढलं की ती मागून चढते आणि कळतच नाही.

कार्बन_खाते

साठ्याचा हिशेब: ४६० किलो घनतेच्या, १२ टक्के ओलाव्याच्या लाकडात कोरडं वजन ४६० ÷ १.१२ = ४११ किलो. निम्मं कार्बन, त्याला ४४/१२ ने गुणलं की एका घनमीटरला ७५३ किलो कार्बन डायऑक्साइड. तुळई_गाळाच्या १० घनमीटरला साडेसात टन. हा आकडा अहवालात दाखवा, पण वेगळ्या ओळीत. उत्पादनाच्या उत्सर्जनातून वजा करून "इमारत शून्याखाली" असं लिहू नका. ईएन १५८०४ या बांधकाम साहित्याच्या पर्यावरणीय हिशेबाच्या युरोपीय मानकामध्ये हा साठा आयुष्याच्या शेवटी पुन्हा बाहेर पडलेला धरतात, तेव्हा पूर्ण चक्रात त्याची बेरीज शून्य होते.

खरी बचत वजनात आहे. पॅनेल ५५ किलो, स्क्रीड १२०, तुळया आणि बाकीचं धरून चौरस मीटरला २०० किलोच्या आत. १५० मिमी काँक्रीटची नुसती स्लॅब ३६०. त्यामुळे पायाही लहान होतो. तुलना करताना मात्र स्क्रीड, जिप्सम, चटई सगळं लाकडाच्या बाजूला मांडा. आणि १५ घनमीटर वापरून साठा वाढवणं हे यश मानू नका. वाचलेली ५ घनमीटर दुसऱ्या शाळेच्या कामी येतात.

पुढे पॅनेल सुटी करता यावीत म्हणून सांधे स्क्रूने करा, गोंदाने नाही, आणि प्रत्येक पॅनेलचा क्रमांक-नकाशा इमारतीच्या कागदपत्रांत ठेवा.

आराखडा_नऊ

वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे. तिथला मजलाही सीएलटीचाच चालेल का?

ओलमापक

चालेल, पण तो खालच्या स्वच्छतागृहाच्या बरोबर वर घ्या, वर्गावर नको. पॅनेलवर जलरोधक पडदा, भिंतीवर १५० मिमी वर चढवलेला, मग उतार आणि मजल्यात जाळी. पाणीपुरवठ्याचे पाइप स्क्रीडमध्ये पुरू नका, भिंतीवरून उघडे न्या. पडद्याच्या सर्वांत खोल जागी पॅनेलमधून एक छोटी नळी खाली काढा, तिच्याभोवती आगीचं सील करा. पडदा गळला की पाणी पॅनेलमध्ये मुरण्याआधी खालच्या स्वच्छतागृहात टपकेल आणि कुणाच्या तरी लक्षात येईल. त्या नळीचं तोंड रंगारी बुजवतात, म्हणून तिच्याशेजारी पाटी लावा.