मदत हवी: कुंभारजुव्याच्या वाटेवर होडीचं मशीन बंद पडतं

फायबरहोडी: रविवारी पणजीहून मांडवीतून, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचंय. दिवाडी बेट आलं की मशीन मरतं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. प्लग नवे टाकले. लवकर सांगा, माणसं ठरलीत.

खाजनकर: कितीचं मशीन? टू-स्ट्रोक की फोर? टाकी कसली? माणसं किती?

बांधावरचा: इम्पेलर, म्हणजे मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चाक. ओहोटीला चिखल ओढला की पाती झिजतात.

फायबरहोडी: १५ एचपी टू-स्ट्रोक, २४ लिटरची सुटी टाकी, चौघे. मशीन थंड करून मागे पडणारी पाण्याची धार जोरात आहे.

बांधावरचा: तरी इम्पेलर बदलून टाक.

खाजनकर: धार जोरात आहे म्हणतोय ना तो! बंद पडताना पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा बघ. चपटा झाला तर टाकीत हवा शिरत नाहीये, झाकणावरचा स्क्रू उघड. मऊ पण गोल असेल तर नळीच्या जोडणीतली ओ-रिंग (रबरी कडी) हवा खेचतेय. टणक राहूनही मेलं तर कार्ब्युरेटर.

मांडवीपार: पेट्रोलमध्ये तेल किती घालतोस? २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल ठेव, मशीन जपतं.

खाजनकर: नको. ५०:१, म्हणजे २० लिटरला ४०० मिली. जास्त घातलं की प्लग काळे, मग लोक प्लगच बदलत बसतात.

नव्हाळीचा_मासा: कालव्यात मगरी आहेत. पंख्यात जाळं अडकलं तर हात घालू नका.

कागदपत्र: नोंदणी झालीय ना? कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे बंदर खात्याकडे, करावी लागते.

फायबरहोडी: ते मी विचारलं नव्हतं.

बाणस्तारीकर: रविवारी तिथी कोणती ते कोणीच विचारलं नाही! अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी, चिखलात बसाल.

मांडवीपार: पावसाळ्यात मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा बार (वाळूचा दांडा) वाहतुकीला बंद झाला की खनिजाच्या बार्जी (मालवाहू बोटी) याच कालव्यातून जायच्या. होडी कशी बसेल?

बाणस्तारीकर: बार्ज मधल्या खोल पट्ट्यातून जाते बाब, लोक मगरी बघायला कडेला घुसतात. भरतीचं पाणी दोन्ही तोंडांनी आत येतं. भरती संपायच्या तासभर आधी मांडवीकडून शिरलात तर ओहोटीच झुआरीत नेऊन सोडते. परतताना तीच आडवी येते. कालवा १७ किलोमीटर, जाऊन-येऊन सगळं मिळून ५५च्या आसपास. चौघांना २४ लिटर अगदी काठावर, १० लिटरचा कॅन सोबत ठेवा. आणि काबोच्या टोकाला वळसा घालून समुद्रातून येऊ नका, दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो.

फायबरहोडी: किनाऱ्याला बांधून चालवलं. फुगा चपटा झाला. पण स्क्रू उघडाच आहे!

खाजनकर: मग स्क्रूच्या भोकात मीठ बसलं असेल. झाकण सैल ठेवून चालव. तरी चपटा झाला तर टाकीत उतरणारी नळी काढ, टोकाची जाळी बुजलीय.

बांधावरचा: आणि इम्पेलर.