मदत हवी आहे : ‘वोल्ड’ला मराठीत काय म्हणावं?

भूगोलाच्या शब्दसूचीत इंग्लंडमधल्या ‘वोल्ड’ची नोंद करायची आहे. यॉर्कशर आणि लिंकनशर वोल्ड्स म्हणजे चॉक खडकाच्या उघड्या टेकड्या, कॉट्सवोल्ड्स चुनखडीच्या. वर बहुतेक शेती नि कुरणं.

मूळ अर्थ मात्र उलटा, दाट झाडी. जर्मनमध्ये ‘वाल्ड’ म्हणजे आजही जंगलच. जुन्या इंग्रजीच्या आंग्लियन बोलीतही ‘वाल्ड’ होता; त्यातला स्वर आधी दीर्घ झाला, मग ‘ओ’कडे सरकला, जसा ‘काल्ड’चा ‘कोल्ड’. दक्षिणेकडच्या बोलीतलं रूप ‘वेआल्ड’. ते केंट-ससेक्सच्या ‘वील्ड’ या नावात टिकलं, आणि तिथे झाडीही बरीच टिकली. टेकड्यांवरची मात्र तुटली. नाव तेच राहिलं आणि त्याचा अर्थ उघडी उंच जमीन असा होत गेला.

आपल्या ‘जंगल’चा प्रवास नेमका उलट्या दिशेचा आहे. आयुर्वेदातला ‘जांगल देश’ म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा मुलूख. पाणथळ ‘आनूप’च्या विरुद्ध. ही जोडी नोंदीत यायलाच हवी असं मला वाटतं.

अडतंय ते प्रतिशब्दापाशी. ‘माळ’ म्हटलं की मुरमाड, कोरडी जमीन डोळ्यांसमोर येते, ‘पठार’ म्हटलं की सपाटी, आणि ‘सडा’ कोकणातल्या जांभ्याचा. हवी आहे ती चढउताराची, मोकळी, पिकाखालची उंच जमीन. तुमच्या भागात तिला काय म्हणतात? शब्दासोबत तालुका, मातीचा प्रकार आणि तिथे काय पिकतं तेही लिहा. शिवाय झाडी गेली तरी जिचं नाव ‘राई’ किंवा ‘बन’च राहिलं, अशी जागा माहीत असेल तर तीही कळवा.