मदत हवी आहे: लाइट गेल्यानंतर नेक्स्टक्लाउड कोरं झालंय, तीन वर्षांचे फोटो कुठे गेले?

पागोळी (धागाकर्ता), सकाळी ९:१२
अर्जंट आहे. काल रात्री पावसात दोनदा लाइट गेली, आली. सकाळी सर्व्हर चालू होता, पण नेक्स्टक्लाउड (घरच्या सर्व्हरवर फोटो-फाईली ठेवायचं सॉफ्टवेअर) उघडलं तर लॉगिनचं पानच येत नाही. थेट "अ‍ॅडमिन खातं तयार करा" म्हणतंय, जणू आजच इन्स्टॉल केलंय. सगळं डॉकरवर आहे, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये. कंटेनरच्या मांडणीची कंपोज फाईल तीच आहे, मी काहीही बदललेलं नाही. कंटेनर बंद-चालू करून झाले, मशीन रीस्टार्ट करून झालं. तीन वर्षांचे फोटो आहेत त्यात, आणि बाबांच्या भजनांचं रेकॉर्डिंग. बाबा मार्चमध्ये गेले. डेटा परत कसा आणायचा ते कृपया लवकर सांगा.

कळफलक, ९:२०
डॉकरचा कचरा साठला की असं होतं. डॉकर सिस्टीम प्रून चालवा, पुढे ऑल आणि व्हॉल्यूम्स लावा. सगळं साफ होतं आणि प्रोग्रामची इमेज नव्याने उतरते. माझ्याकडे दर महिन्याला करतो.

रात्रपाळी, ९:२३
पागोळी, वरचं काहीही करू नका! व्हॉल्यूम्स लावून प्रून केलं तर न वापरातली व्हॉल्यूम्स, म्हणजे डॉकरचे डेटाचे साठे, उडू शकतात, आणि डेटा नेमका कुठे आहे हे अजून आपल्याला माहीतच नाही. ज्याचा डेटा हरवलाय त्याला साफसफाई सुचवू नये हो.

आता सांगा: डेटा कुठे ठेवला होता? डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये की एखाद्या फोल्डरमध्ये? डिस्क किती आणि कुठल्या? डेटाबेस कुठला?

पागोळी, ९:३१
डेटा बाहेरच्या डिस्कवर आहे, नेहमी जिथे असतो तिथेच. डिस्क ठीक आहे, निळा दिवा लागलाय.

रात्रपाळी, ९:३४
"नेहमी जिथे असतो" म्हणजे कुठे, ते आम्हाला कसं कळणार? कंपोज फाईलमधल्या व्हॉल्यूम्सच्या ओळी टाका. आणि दिवा लागला म्हणजे डिस्क माउंट झाली, म्हणजे सिस्टीमने ती एखाद्या फोल्डरला जोडली, असं नाही. डीएफ (कुठली डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) चालवून काय येतं ते सांगा.

सह्यकडा, ९:४०
म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो, हे डेबियनवर हातानं डॉकर जोडत बसणं सोडा. ट्रूनॅस ही स्टोरेजसाठीचीच सिस्टीम टाका, तिची झेडएफएस फाईलसिस्टीम घ्या, स्नॅपशॉट लावा. गेल्या तीन वर्षांत मी ओपनमीडियाव्हॉल्ट, प्रॉक्समॉक्स, अनरेड सगळं वापरून पाहिलं आणि शेवटी ट्रूनॅसवर स्थिरावलो. लाइट गेली तरी झेडएफएसचा डेटा हलत नाही.

रात्रपाळी, ९:४६
सह्यकडा, ट्रूनॅस चांगलंच आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते आणि यूएसबीवरच्या डिस्क ते लोक स्वतःच नको म्हणतात. यांच्याकडे बाहेरची एकच डिस्क आहे. घर गळत असताना नव्या बंगल्याचा नकाशा काय कामाचा?

सह्यकडा, ९:४९
पुढच्या वेळेसाठी सांगतोय. धागा उद्या दुसरेही लोक वाचतील.

पागोळी, १०:०५
जुना डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडीवर डेबियन १२. बाहेरची ४ टीबी डिस्क, ईएक्सटी४ (लिनक्सची फाईलसिस्टीम), स्वतःचा अडॅप्टर असलेली. ती /एमएनटी/डबा या फोल्डरवर माउंट होते. नेक्स्टक्लाउडचा फोल्डर डबामध्ये, मारियाडीबी डेटाबेसचाही डबामध्ये. डीएफमध्ये एसएसडी १०० टक्के भरलेली दिसतेय! काल ३० टक्केही नव्हती. डबा कुठेच दिसत नाही. पण एलएसने यादी काढली तर डबामध्ये दोन्ही फोल्डर आहेत. माझं डोकं चालेनासं झालंय.

मोरपीस, १०:११
तुमची डिस्क माउंट झालेली नाही. डबा हा फोल्डर आत्ता एसएसडीवरचा साधा फोल्डर आहे. डॉकर उठला, त्याला डबामध्ये काहीच सापडलं नाही, म्हणून त्याने दोन्ही फोल्डर नवे केले. नेक्स्टक्लाउडच्या इमेजला आत व्हर्जनची फाईल नसली की ती नवीन इन्स्टॉल समजून स्वतःच्या फाईली ओतते. म्हणून ते अ‍ॅडमिनचं पान. जुना डेटा डिस्कवर शांत पडलेला असणार. घाबरू नका.

पण एक कळत नाही. नेक्स्टक्लाउडच्या फाईली फार तर एक-दीड जीबी. एसएसडी भरली कशाने?

पागोळी, १०:१८
ते पान आलं तेव्हा मी जुन्याच नावाने आणि जुन्याच पासवर्डने खातं केलं. वाटलं त्याने जुना डेटा दिसेल. मग फोनवरच्या अ‍ॅपला पुन्हा लॉगिन दिलं, हिच्या फोनवरही दिलं. ऑटो अपलोड सुरू झालं असावं.

रात्रपाळी, १०:२१
अहो, ही गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती! "काहीही बदललेलं नाही" यावर आम्ही तासभर काढला. दोन्ही फोनचं ऑटो अपलोड आत्ता बंद करा. मग पुढचं.

आणि महत्त्वाचं: ऑटो अपलोडमध्ये मूळ फाईलचं काय करायचं असा पर्याय असतो, तिथेच ठेवा, अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये हलवा किंवा डिलीट करा. तुमच्याकडे काय लावलंय?

पागोळी, १०:२९
हिच्या फोनला "तिथेच ठेवा" आहे. माझ्या फोनला डिलीट, जागा पुरत नाही म्हणून. बंद केलं दोन्हीकडे.

रात्रपाळी, १०:३२
मग तुमच्या फोनमधून सकाळपासून जे चढलं त्याची एकमेव प्रत आत्ता त्या खोट्या डब्यात आहे. तो फोल्डर कितीही नकोसा वाटला तरी डिलीट करायचा नाही.

देशावरचा, १०:३५
डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्ह लेटर द्या, लगेच दिसेल. माझ्या पेनड्राइव्हचं असंच झालं होतं.

मोरपीस, १०:३८
ईएक्सटी४ डिस्क विंडोजला समजत नाही. तो "वापरण्याआधी फॉरमॅट करा" अशी खिडकी काढतो, आणि घाईत माणूस हो म्हणतो. विंडोजला लावूच नका.

पागोळी, डिस्कची यादी देणारी एलएसबीएलके कमांड चालवा, एकदा साधी, एकदा एफ लावून. आणि एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणारी फाईल) यातली डब्याची ओळ जशी आहे तशी लिहा.

पागोळी, १०:५०
एसडीए ११२ जीबी. एसडीबी २९ जीबी, एसडीबी१ ला वेंटॉय असं नाव, एक्सफॅट. एसडीसी ३.६ टीबी, एसडीसी१ ईएक्सटी४, माउंटची जागा रिकामी.

एफएसटॅबमध्ये: डेव्ह-एसडीबी१, मग /एमएनटी/डबा, ईएक्सटी४, डिफॉल्ट्स आणि नोफेल.

मोरपीस, १०:५४
सापडलं! सर्व्हरला पेनड्राइव्ह लावलेली आहे ना?

पागोळी, ११:०२
हो, मागच्या बाजूला होती, लक्षातच नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या लॅपटॉपवर प्रॉक्समॉक्स टाकून बघत होतो. आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) सर्व्हरवर उतरवली होती, तिथेच पेनड्राइव्हवर वेंटॉय टाकून ती बूट करण्याजोगी केली आणि ड्राइव्ह तशीच राहिली. पण दोन आठवडे तर सगळं व्यवस्थित चालू होतं!

मोरपीस, ११:१०
कारण दोन आठवडे मशीन बंद झालंच नाही. डिस्क आधीपासून एसडीबी होती, पेनड्राइव्ह नंतर आली म्हणून ती एसडीसी. काल लाइट गेली, दोघी एकदम उठल्या. पेनड्राइव्ह लगेच हजर होते, ४ टीबीच्या डिस्कला चकत्या फिरवून वेग घ्यायला काही सेकंद लागतात. आधी आली तिला एसडीबी. एफएसटॅब म्हणतो एसडीबी१ ईएक्सटी४ म्हणून माउंट कर, तिथे निघाली एक्सफॅट, माउंट फसलं. नोफेल असल्यामुळे मशीन न अडता पुढे गेलं आणि डॉकर रिकाम्या फोल्डरवर बसला.

वाडीकर, ११:२२
ही नावं कधीच भरवशाची नव्हती. २००७ च्या सुमारास कर्नलमधला डिस्कचा ड्रायव्हर बदलला आणि आयडीई डिस्कची एचडीए ही नावं एका अपग्रेडमध्ये एसडीए झाली. मी तेव्हा एका छोट्या छापखान्याचा सर्व्हर सांभाळत होतो. रात्री अपग्रेड केलं, सकाळी मशीन उठेना, दारात पत्रिका छापायला आलेली माणसं उभी. तेव्हापासून एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, म्हणजे फाईलसिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक, सोडून काही लिहिलेलं नाही. पुढे सेंटओएस ८ या लिनक्सवर गेलो, तर २०२९ पर्यंतचा सांगितलेला सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ लाच संपला. मग डेबियनवर आलो आणि इथेच आहे. डेबियन १९९३ पासून चालू आहे, कुठल्या कंपनीच्या मर्जीवर नाही.

सह्यकडा, ११:२६
झेडएफएसचा पूल डिस्कवरच्या स्वतःच्या खुणेवरून ओळखला जातो, एसडीबी की एसडीसी याने फरक पडत नाही. एवढंच म्हणायचं होतं.

वाडीकर, ११:२८
तेच काम यूयूआयडी करतो, आणि त्यासाठी सगळी डिस्क फॉरमॅट करावी लागत नाही.

चांदणी, ११:३०
थोडं अवांतर. तुम्ही लोक हे घराबाहेरून कसं उघडता? मी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं तरी काहीच होत नाही. राउटरचा बाहेरचा आयपी १०० ने सुरू होतो.

रात्रपाळी, ११:४१
पागोळी, आता क्रमाने करा, घाई नको.

डॉकर थांबवा, आणि त्याबरोबर डॉकरचं सॉकेटही थांबवा, नाहीतर तुम्ही एखादी डॉकर कमांड दिली की तो पुन्हा उठतो. पेनड्राइव्ह काढा. एलएसबीएलके पुन्हा बघा, नाव बदललं असेल किंवा नसेल. तपास नावाचा नवा फोल्डर करून ४ टीबीची डिस्क फक्त वाचण्यापुरती तिथे माउंट करा. नेक्स्टक्लाउडच्या डेटा फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर आणि जुने फोटो दिसले की इथे कळवा.

पागोळी, १२:०४
दिसले!! सगळं आहे. भजनांचा फोल्डरही आहे, ६३ फाईली मोजल्या. एक चालवून बघितली. सुरुवातीला बाबा पेटीचा भाता ओढून बघतात तो आवाज, मग खोकतात, आणि आईला म्हणतात, पंखा बंद कर गं. मी पुढे ऐकलीच नाही, तिथेच थांबलो. खूप खूप आभार तुम्हा सगळ्यांचे.

आता डबावर माउंट करून टाकू का?

रात्रपाळी, १२:०९
थांबा! आत्ता डबावर माउंट केलंत तर खोटा डबा त्याच्याखाली झाकला जाईल. फाईली दिसणार नाहीत, पण एसएसडी भरलेलीच राहील आणि कुणाला कारण कळणार नाही. आधी त्याचं नाव बदलून डबा-खोटा करा, मग रिकामा डबा नव्याने करा.

तपासवरून डिस्क काढून एकदा ई२एफएससीके (फाईलसिस्टीमची तपासणी) चालवा, लाइट गेलेली आहे. मग बीएलकेआयडीने एसडीसी१ चा यूयूआयडी काढा आणि एफएसटॅबमध्ये डेव्ह-एसडीबी१ च्या जागी लिहा. नवी एफएसटॅब वाचली जावी म्हणून डिमन-रीलोड, मग माउंट, ए लावून. फाइंडएमएनटीला व्हेरिफाय लावलं की एफएसटॅबमधल्या चुका तो सांगतो, तेही बघा.

कळफलक, १२:१५
आणि नोफेल काढून टाका. ते नसतं तर मशीन तिथेच अडलं असतं आणि हे झालंच नसतं.

मोरपीस, १२:२१
नोफेल काढलं तर डिस्क सापडली नाही की मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. यांच्या सर्व्हरला मॉनिटर नसेल, मग माळ्यावर चढून मॉनिटर जोडा. नोफेल राहू द्या, अडवायचं डॉकरला. डॉकरच्या सर्व्हिसमध्ये "रिक्वायर्स माउंट्स फॉर" अशी ओळ लिहून डब्याचा पत्ता द्या, डिस्क नसेल तर डॉकर उठणारच नाही. शिवाय रिकाम्या डब्याला, माउंट करायच्या आधी, सीएचएटीटीआरने आय लावा. मग त्यात रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही. डिस्क बसली की तिच्यावर याचा काही परिणाम होत नाही. मी दोन्ही लावते.

कळफलक, १२:२५
हे माहीत नव्हतं. आय लावायचं मीही करून बघतो.

देशावरचा, १२:३०
इन्व्हर्टर नाही का तुमच्याकडे?

पागोळी, १२:३६
आहे, पण लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतोच.

देशावरचा, १२:४०
पुष्कळ इन्व्हर्टरना मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर पडतो. यूपीएसवर करून बघा.

रात्रपाळी, १२:४४
आणि या डिस्कची दुसरी प्रत कुठे आहे?

पागोळी, १२:५२
नाही. मला वाटायचं सर्व्हर म्हणजेच बॅकअप. २०२१ च्या जूनपासून गूगल फोटोजचं फुकट अमर्याद बंद झालं, १५ जीबी भरले, तेव्हाच हे सुरू केलं होतं.

सह्यकडा, १२:५७
दुसरी डिस्क घेऊन मिरर करा.

रात्रपाळी, १:०३
मिररमध्ये चुकून डिलीट झालं तर दोन्हीकडून जातं. दुसरी डिस्क घ्या, पण ती वेगळी ठेवा. रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामने आठवड्याला प्रत घ्या आणि डिस्क काढून कपाटात, जमलं तर दुसऱ्या घरी. भजनं तेवढी आजच एखाद्या पेनड्राइव्हवर उतरवा, ६३ ऑडिओ फाईली म्हणजे काही फार जागा नाही.

मोरपीस, १:१०
चांदणी, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आयपी असेल तर तो सीजीनॅट. बऱ्याच घरांमध्ये एकच खरा पत्ता वाटलेला असतो, त्यामुळे तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. टेलस्केल हे खासगी नेटवर्कचं (व्हीपीएन) अ‍ॅप सर्व्हरवर आणि फोनवर टाका, राउटरला हात लावावा लागणार नाही. अजून अडलं तर वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

पागोळी, रात्री ८:४७
सगळं जागेवर आलं. यूयूआयडी लिहिला, आय लावलं, डॉकरमध्ये ती ओळ टाकली. मग मुद्दाम पेनड्राइव्ह लावून दोनदा रीस्टार्ट केलं, डबा बरोबर बसला. तिसऱ्यांदा डिस्कचा अडॅप्टर काढून रीस्टार्ट केलं, डॉकर उठला नाही. वेंटॉयची पेनड्राइव्ह पुसून तिच्यावर भजनं घेतली, ती उद्या आत्याकडे जाईल.

एकच राहिलं. खोट्या डब्यात माझ्या फोनवरून चढलेले ४१ फोटो आहेत. ते सरळ खऱ्या डब्यातल्या माझ्या फोल्डरमध्ये कॉपी केले तर नेक्स्टक्लाउडला दिसत नाहीत.

रात्रपाळी, ८:५५
नेक्स्टक्लाउड फोल्डर बघत नाही, डेटाबेस बघतो. कॉपी केलेल्या फाईलींची मालकी वेब सर्व्हरच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरला द्या, अपाची इमेजमध्ये त्याचा नंबर ३३ आहे. मग कंटेनरमध्ये ओसीसी या नेक्स्टक्लाउडच्या कमांडने फाइल्स स्कॅन तुमच्या नावावर चालवा. ४१ च्या ४१ दिसले, उघडून बघितले, की मग खोटा डबा काढा.

पागोळी, ९:२०
४१ दिसले. आता हिच्या फोनला जुन्या खात्यावर लॉगिन देतो.