ओंटारिओत पी. इंज.: पुण्यातला अनुभव कसा लिहायचा?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, सिव्हिल. पुण्यात सात वर्षं आरसीसी डिझाइन केलं, आता ब्रॅम्प्टनला आहे. पद 'डिझायनर', कारण इथे पी. इंज. म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या लायसन्सशिवाय स्वतःला इंजिनिअर म्हणवता येत नाही. पीआरच्या (कायम वास्तव्याच्या) वेळी वेस या संस्थेकडून डिग्री तपासून घेतली तेव्हा वाटलं, डिग्रीचं काम उरकलं. ते इमिग्रेशनपुरतं होतं!

आता पीईओकडे, म्हणजे ओंटारिओत हे लायसन्स देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करायचाय. कॅनडातल्या एक वर्षाच्या अनुभवाची अट २०२३ मध्ये रद्द झाली, म्हणजे पुण्यातली वर्षं चालतील ना? ३४ कॉम्पिटन्सी, म्हणजे कामातली एकेक क्षमता अनुभवातून दाखवणारी उत्तरं, लिहायच्यात. चार लिहिल्या, चारही सारख्याच वाटतात. शिवाय तिथले साहेब निवृत्त होऊन गावी गेलेत. व्हॅलिडेटर, म्हणजे माझं लिहिलेलं खरं आहे हे सांगणारा, कोणाला करू?

नागपूरचा_संत्रा:
भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (एकमेकांच्या इंजिनिअरिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या करारात) आहे. परीक्षा वगैरे काही लागणार नाही, बिनधास्त राहा.

सोलापुरी_चादर:
संत्रासाहेब, अहो असं सांगू नका. एनबीएची (आपल्याकडे कोर्सना मान्यता देणाऱ्या मंडळाची) अकॉर्डच्या दर्जाची मान्यता असलेल्या कोर्सपुरतंच ते आहे, सरसकट सगळ्या डिग्र्यांना नाही. माझी त्याआधीची, मला परीक्षा द्यावी लागली. मी एफई ही तांत्रिक विषयांची परीक्षा दिली. ११० प्रश्न, सूत्रांचं हँडबुक स्क्रीनवरच मिळतं, आणि कॅसिओ एफएक्स-९९१ चालतो! कॉलेजातलाच नेला, झाकणावर कर्कटकनं कोरलेल्या नावासकट. एनपीपीई ही दुसरी परीक्षा, तिलाही ११० च प्रश्न, अडीच तास. विषय व्यवसायाचा कायदा आणि नीतिमत्ता. वाचलं की होते.

ताई, खरी मेख लिहिण्यात आहे. माझा पहिला मसुदा इथल्या टीमलीडनं वाचला आणि विचारलं, "हे तू केलंस की तुझ्या ऑफिसनं?" मी लिहिलं होतं, 'आम्ही बारा मजली इमारतीचं डिझाइन केलं.' आपल्याला 'मी मी' करायची लाज वाटते, घरची शिकवणच तशी. पण प्रत्येक उत्तराला परिस्थिती, तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं, हे सांगायचं असतं. गुण ० ते ५. मधल्या भागात 'आम्ही' आलं की तपासणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.

मग लिहिलं: 'आर्किटेक्टनं पार्किंगमधला एक कॉलम काढायला सांगितला. मी वरच्या कॉलमचा भार घ्यायला ट्रान्सफर बीम घेतला, ईटॅब्स सॉफ्टवेअरमधलं डिफ्लेक्शन (बीमचा झोळ) हातानं तपासलं, ते जास्त आलं म्हणून बीमची खोली ७५० मिमीची ९०० केली. खालून गाडी जायला उंची कमी पडत होती, तर रॅम्पचा उतार बदलून घेतला.' इमारत तीच, पण आता त्यात माणूस दिसतो. तुमच्या चार सारख्या वाटतात त्याचं कारण हेच असणार. इमारती मोजू नका, भांडणं आठवा.

साहेबांना सोडू नका. आपल्याकडे आर्किटेक्टच्या नोंदणीसाठी १९७२ चा कायदा आहे, इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसा नाही. म्हणून माझ्या साहेबांकडे महापालिकेचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लायसन्स होतं, तेच नमूद केलं. जोडीला इथला एक पी. इंज. घ्या. आणि साहेबांना ईमेल जाईल तेव्हा फोन करा. माझ्या साहेबांची लिंक तीन आठवडे स्पॅममध्ये लोळत होती.

भाकरीवाली_मिसिसागा:
आपला काँक्रीटचा कोड आयएस ४५६, त्याच्या शेजारी इथला सीएसए ए२३.३ वाचून ठेव गं. मला कोडमधला फरक विचारला होता.

कृष्णाकाठची:
दादा, चारही उत्तरं उघडून बघितली. 'आम्ही' एकोणीस वेळा! साहेबांना फोन लावला, इथली रात्र म्हणजे त्यांचा चहा. म्हणाले, "अगं, त्या टाकीचं डिझाइन तूच केलं होतंस, मी नुसती सही केली." हेच लिहून द्या म्हटलं.

९९१ सांगलीला आईकडे आहे. भाच्यानं लांबवला नसेल तर मागवते.