गटकाम आणि घुमणारा वर्ग
शाळेच्या नव्या वर्गखोल्यांत हलवता येणारी बाकं आणि मोठ्या खिडक्या आल्या की गटात शिकणं आपोआप जमतं, असं म्हटलं जातं. खिडक्यांचं शंभर टक्के पटलं. पण गटकामात वर्ग कोलमडतो तो आवाजामुळे, आणि आराखडा पाहताना त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. वर स्लॅब, खाली फरशी, चारी भिंतींना गुळगुळीत गिलावा. पाच गट एकदम बोलू लागले की एक शब्द भिंतीवर आपटून परत येतो तो पुढच्या शब्दात मिसळूनच. अमेरिकेत वर्गखोल्यांच्या आवाजासाठी एएनएसआय (तिथली राष्ट्रीय मानक संस्था) एस१२.६० हे मानक आहे. साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात निनाद, म्हणजे बोलणं थांबल्यावरही घुमत राहणारा आवाज, ०.६ सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये, असं ते सांगतं.

मी दुसरीला शिकवते. नव्या खोलीत पहिलं श्रुतलेखन घेतलं तेव्हा मागच्या रांगेतल्या वह्यांत 'काठ'चं 'काट' आणि 'पाठ'चं 'पाट' झालं होतं. आधी मुलांनाच रागावले, त्याचं अजून वाईट वाटतं. मग पालकांकडून चार जुन्या गोधड्या आणल्या आणि मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगल्या. घुमणं लगेच कमी झालं. पातळ पडद्याने भागत नाही, कापड जाड आणि भिंतीपासून सुटं हवं. नवी इमारत बांधणार असाल तर छताला आवाज शोषणाऱ्या फळ्या पहिल्या अंदाजपत्रकातच घाला. रंगकाम उरकल्यावर त्यासाठी पैसा उरत नाही.