हॅम्लेटला कात्री लावली म्हणून एवढा गळा का काढायचा?

तिसरी घंटा:
हॅम्लेटचा प्रयोग झाला की 'मूळ संहिता कापली' ही ओरड ठरलेलीच. मूळ म्हणजे कुठली? १६०३चं पहिलं क्वार्टो (एका नाटकाची छोटी छापील प्रत) जेमतेम २,२०० ओळींचं. १६०४-०५चं दुसरं ३,८००च्या घरात. १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा संग्रह) त्यातल्या दोनशेहून जास्त ओळी गायब, वर काही नव्या. आपण वाचतो तो हॅम्लेट बहुतेकदा संपादकांनी या शेवटच्या दोघांची बेरीज करून काढलेला असतो. तो अख्खा करायचा तर चार तास लागतात. ग्लोबमध्ये भर दुपारी, एक पेनी देऊन ताटकळत उभ्या असलेल्या पब्लिकपुढे तो तसाच्या तसा झाला असेल, हे मला पटत नाही. नाटक म्हणजे प्रयोग. पुस्तक मागाहून.

निळी शाई:
मग त्याच काळातल्या नाटककार वेबस्टरचं काय करायचं? 'डचेस ऑफ माल्फी'च्या १६२३च्या मुखपृष्ठावर सरळ छापलंय की लांबीमुळे प्रयोगात बसलं नाही असं बरंच काही इथे दिलंय. दुसरा नाटककार बेन जॉन्सन, त्याने १६००मध्येच असली जाहिरात केली होती, आणि १६१६ला आपली नाटकं 'वर्क्स' म्हणून जाडजूड फोलिओत काढली. या मंडळींना वाचक हवे होते. नटांनी गाळलेलं त्यांना जपायचं होतं.

तिसरी घंटा:
जॉन्सनला हवे होते, कबूल. शेक्सपिअरने स्वतः लक्ष घालून एक तरी नाटक छापून घेतल्याचा पुरावा दाखवा. फोलिओ निघाला तो त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, आणि काढला हेमिंग्ज-काँडेलनी. दोघेही त्याच्याच कंपनीतले नट! ३६पैकी १८ नाटकं तोवर छापलेलीच नव्हती. 'मॅकबेथ'सुद्धा.

रिकामटेकडा:
म्हणजे छापलं म्हणून 'मॅकबेथ' उरलं ना राव? स्वतःच्याच पायावर धोंडा 😄

विंगेतला:
पहिल्या क्वार्टोला पंडित 'भ्रष्ट' म्हणतात. म्हणोत. पोलोनियसचं नाव त्यात कोराम्बिस आहे, आणि 'टु बी ऑर नॉट टु बी'च्या पुढे चक्क 'आय, देअर्स द पॉइंट'! पण त्यातल्या रंगसूचना बघा. वेडी झालेली ओफेलिया केस मोकळे सोडून, ल्यूट (एक तंतुवाद्य) वाजवत, गात येते. राणीच्या महालात भूत येतं ते रात्रीच्या झग्यात. दुसऱ्या क्वार्टोत आणि फोलिओत यातलं काही नाही. हे ज्याने लिहिलं त्याने प्रयोग पाहिला असणार, किंवा त्यात काम केलं असणार. पहारेकरी मार्सेलसचे संवाद त्यात इतके बिनचूक आहेत की ते काम करणाऱ्या नटानेच आठवून प्रत लिहवून दिली, असा एक तर्क आहे. सिद्ध झालेला नाही, पण अशक्यही वाटत नाही. नटाला हातात मिळायची ती फक्त स्वतःची नक्कल, म्हणजे आपल्या संवादांचा कागद. त्या काळचा नट एडवर्ड अ‍ॅलन, त्याची ऑर्लँडोच्या भूमिकेची नक्कल डलिच कॉलेजात अजून आहे. बाकीचं नाटक त्याने कानांनीच गोळा करायचं.

निळी शाई:
झगा तुमचा, घ्या. पण ब्यूमाँट-फ्लेचर या नाटककार जोडीच्या १६४७च्या फोलिओत प्रकाशक मोझ्ली काय म्हणतो? प्रयोगात नट काही प्रवेश गाळत, कुणा मित्राने प्रत मागितली तर केलं तेवढंच उतरवून देत; या पुस्तकात मात्र केलेलं आणि न केलेलं, सगळं आहे. गिऱ्हाइकाला तेच हवं होतं!

तिसरी घंटा:
मोझ्लीचं अर्धंच वाक्य सांगितलंत. नट गाळत ते 'लेखकाच्या संमतीने', असंही तो म्हणतो. लेखकाची हरकत नव्हती, तर आपली का?

विंगेतला:
हॅम्लेट सोडा, शेक्सपिअरच्याच 'किंग लिअर'चं बोला. वादळात, झोपडीत वेडा लिअर गैरहजर मुलींवर खटला चालवतो, तो भाग १६०८च्या क्वार्टोत आहे आणि फोलिओत नाही. शेक्सपिअरची ऑक्सफर्ड आवृत्ती काढणाऱ्यांनी तर १९८६ला दोन्ही लिअर वेगवेगळे छापले. खटला ठेवायचा की नाही?

तिसरी घंटा:
फोलिओप्रमाणे काढा. वादळ तसंही लांबतं.

निळी शाई:
त्या खटल्याशिवाय मी तरी तिकीट काढणार नाही.